आमराईतला जुगार, रिसॉर्टातला खेळ

कोरोनाच्या साली मी दोन जुगार पाह्यले. एक आमच्या गावच्या आमराईत, दुसरा वाघाच्या जंगलाच्या गेटाजवळ एका रिसॉर्टात. खेळ एकच होता. पह्यल्या जागी पोलिसाची गाडी आली आन् माझ्या दादाले घेऊन गेली. दुसऱ्या जागी बी पोलिसाची गाडी आली. ते जेवून गेले.

मी नकला करतो, आवाज काढतो. एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, सफारीचा गाइड, माजलेला सांड, सुनेवर तापलेली सासू, जे म्हणाल ते. शाळेत यासाठी मार खाल्ला, आता याचेच पैसे भेटते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होते. तेव्हा दोन अंकाच्या मधात मले पडद्यापुढे उभं करते, लोकं उठून चहाले जाऊ नये म्हणून. तेवढीच माझी कला. पण आवाज काढाचा तं माणसाचं नीट ऐका लागते. आन् नीट ऐकलं का राग येते. माय म्हणते, तुले कान देवानं जरा जास्तच देल्ले.

दादा म्हणजे मोठ्या काकाचा पोरगा. चुलत आहे, पण चूल एकच. बारावी झाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट, पोलीस भरती. गडचिरोलीले अकॅडमीत होता. लॉकडाऊन लागलं, अकॅडमी बंद, हा घरी. घरी आला तरी पहाटे नहराच्या रस्त्यानं पळे आन् मी सायकलवर मोबाइल धरून मागं. सोळाशे मीटर पाच मिनिटं पाच सेकंदात मारे. आमच्या गावात एवढ्या जोरात फक्त बातम्या पळते.

आता मंडई सांगतो, नाई तं पुढचं समजणार नाई. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोलीकडल्या धानाच्या मुलखात, भाऊबीज सरली का मंडया लागते. मंडई म्हणजे गावची जत्रा, एकेका गावची एकेक दिवशी. लेकी-जावई येते, सोयरे येते, घरोघरी कोंबडं कापते, रात्री नाटक. आन् दुपारपासून झंडीमुंडीच्या चादरी पसरते. मेणकापडावर सहा घरं, सहा चित्रं. झेंडा, मुंडी आन् पत्त्यातले चार रंग. तशीच चित्रं असलेले सहा लाकडाचे ठोकळे टोपल्यात खळखळवाचे आन् टोपलं उपडं माराचं. तुमचं चित्र वर आलं तं भेटलं, नाई तं गेलं. सरळ जुगार आहे, मी काही त्याले देवपूजा म्हणत नाई. पण आमच्या घरी एक रीत आहे, गावात अजून पंधरा-वीस घरी आहे. मंडईच्या दिवशी घरच्या मोठ्या पोरानं झेंड्यावर दहाची एक नोट लावाची. जिंका का हारा, एकच डाव, आन् उठाचं. त्याले घरचा डाव म्हणते. तो लावल्याबिगर माझी काकू खळ्यावरचं धान घरात घेत नाई.

पह्यल्या कोरोनाच्या दिवाळीत ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगतलं, मंडई बंद, नाटक बंद, पाचाच्या वर माणसं दिसली तं गुन्हा. माझा धंदा गेला. मी घरी बसून शेळीले हेडमास्तरचा आवाज ऐकवू लागलो. माझ्याहून वाईट हाल झंडीभाऊचे. झंडीभाऊ आमच्याच गावचा, एका पायानं लंगडा, तीस वर्षं चादर घेऊन या मंडईतून त्या मंडईत जाणारा माणूस. दिवाळीपासूनच्या दीड महिन्यावर त्याचं साल निघे. त्या साली चादर खुंटीवर आन् तो खाटेवर.

आमच्या मंडईची तारीख आली. मंडई नाई तं नाई, घरचा डाव तं लावा लागन, असं गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यायनं ठरवलं. झंडीभाऊले उठवलं आन् गावामागच्या आमराईत दुपारी चादर टाकली. बातमी फुटली. पाच घरचे पाच येणार होते, चाळीस आले. खोटं नाई सांगत, मास्क सगळ्यायजवळ होते. गळ्यात.

दादा जाणारच नव्हता. काकू सुपात धान पाखडत होती.

"जा ना रे, घरचा डाव लावून ये."

"माय, भरती आहे. अशा जागी बसू नाई."

"बसाले कोण म्हणून राह्यलं? वाकून लाव आन् ये. तुह्या बापानं लावला, आज्यानं लावला. धान भायेर पडून आहे, उद्या आभाळ आलं तं तुही भरती झाकणार आहे का त्याले?"

मी मधात काकूचाच आवाज काढून म्हटलं, "आन् नोट कोरी नेजो, मळकी देल्ली तं झेंडा रुसते." काकूनं सूप उगारलं. दादा हसला. तो हसला नसता तं गेला नसता, असं मले आजबी वाटते.

आम्ही दोघं गेलो. दादानं गर्दी सरकेपर्यंत बाजूले उभं राहून वाट पाह्यली. मंग वाकला, झेंड्यावर नोट ठेवली. झंडीभाऊनं टोपलं उचललं, आन् मागून आवाज आला, "उठा. कोणी हलाचं नाई."

ठाण्यातले हवालदार होते, सोबत तीन शिपाई. उठा म्हणते आन् हलू नका म्हणते. हे दोन्ही सोबत कसं कराचं ते इचाराले कोणी थांबलं नाई. सारी आमराई पळाली. कोणी नाल्यात, कोणी तुरीत. एक जण आपल्याच बैलबंडीखाली घुसला. झंडीभाऊ लंगड्या पायानं, चादर काखेत मारून, धानाच्या बांधीचे धुरे असे ओलांडत गेला का शिपाई कमरेवर हात ठेवून पाहतच राह्यला. मी आंब्यावर.

खाली तीन माणसं उरली. दोन म्हातारे, ज्यायले गुडघ्यानं उठताच येत नव्हतं. आन् दादा. टाचा जोडून, छाती काढून, सावधान. तालुक्यात कोणाच्या हाती लागणार नाई असा पळणारा माणूस, आन् तो उभा.

मी झाडावरून हळूच म्हटलं, "दादा, पळ ना." त्यानं मान बी नाई हलवली.

त्यायले गाडीत टाकलं. मी सायकल हाणत ठाण्यात पोचलो तवा हवालदार लिहून राह्यले होते.

"काय करतो?"

"पोलीस भरतीची तयारी, सर."

एक शिपाई हसला. हवालदार नाई हसले. म्हणे, "सोळाशे किती मधात मारतो?"

"पाच मिनिटं पाच, सर."

"मंग आज काय पायाले मेंदी लावली होती? पळाला काऊन नाई?"

"पोलिसाले पाहून पळाचं नसते, सर. ज्याले पोलीस व्हाचं आहे त्यानं तं नाईच."

"कोणं सांगतलं हे?"

"कोणी नाई, सर. मलेच वाटते."

हवालदारानं पेन खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता तो, हे बी सांगून ठेवतो, नाई तं मी खोटा पडीन. म्हणे, "पोट्ट्या, तू पळाला असता तं मी काही तुह्यामागं पळणार नव्हतो. हे माहं पोट पाह्यलं का? पण आता गाडी घेऊन आलो, खाली नेली तं साहेब मले इचारन. तीन नावं तं लिहाच लागते." आन् लिहिली. एक साथीचं कलम, एक जुगाराचं.

दोन्ही म्हातारे तिथीच सांगून राह्यले होते, या पोरानं एकच डाव लावला, घरचा डाव. हवालदार म्हणे, "बाबा, कलमात घरचा आन् भायेरचा असं नसते."

महिन्याभरानं तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली. हवालदार आमच्या आधीच तिथी होते. दादाले बाजूले घेऊन म्हणे, "गुन्हा कबूल आहे का इचारतीन. हो म्हण. थोडासा दंड, पाच मिनिटात मोकळा. नाई म्हटलं तं तारखाच तारखा." एसट्या तवा धड चालत नव्हत्या, एका तारखेले जाले अख्खा दिवस मोडे. म्हाताऱ्यायनं हो म्हटलं. दादानंबी हो म्हटलं. खरंच तं होतं ना, नोट त्यानंच ठेवली होती. पाच मिनिटं बी नाई लागली. घरी आलो तं काकूनं देवाजवळ साखर ठेवली, पोरगा सुटला म्हणून.

आमच्या गावात दंड म्हणजे बसमध्ये बिगर तिकिटाचा धरला का भरते तो. भरला, उतरला, संपलं. दंड भरणं म्हणजे शिक्षा झाली आन् ती तुमच्या नावापुढं कायमची बसली, हे ना काकूले माहीत, ना दादाले, ना बारावी पास असलेल्या मले. आमच्याकडे शंभरातले शंभर असंच करते. कबूल कर, दंड भर, घरी जा. मले अजूनबी कोणी सांगा, आम्हाले हे शिकवाची पाळी कोणाची होती?

त्याच हिवाळ्यात मले रिसॉर्टातून फोन आला. सफारी सुरू झाली होती. नागपूरची, मुंबईची माणसं चार-सहा महिने घरात कोंडून आता वाघ पाहाले धावून राह्यली होती. मॅनेजर म्हणे, "भैया, सकाळची सफारी दहाले परत येते, दुपारची अडीचले निघते. मधात गेस्ट लोक बोअर होते. आपण कसिनो ठेवला आहे. तू माइक धर, जानवरांचे आवाज काढ, जरा माहौल बनव."

मी गेलो. नऊ-दहा महिन्यानं कोणी बोलावलं होतं, कायले नाई जाऊ.

हिरव्या लॉनवर मांडव. हिरवं कापड टाकलेले टेबल, मधात नागपुरावरून आणलेलं नंबराचं फिरतं चाक, पत्ते वाटाले हातमोजे घातलेल्या पोरी, हरेक टेबलावर सॅनिटायझर. अंतर ठेवाले चुन्याचे गोल मारले होते, त्याच्यात लहान पोरं लंगडी खेळून राह्यली होती. माणसं साठ तरी असन, जास्तच असन. मास्क त्यायच्याबी गळ्यात. फक्त त्यायचे मास्क कपड्याले मॅचिंग होते.

आन् कोपऱ्यात, बांबूच्या छपरीखाली, पाटी: गावरान कसिनो. खाली आपलंच मेणकापड, झेंडा, मुंडी, सहाच्या सहा घरं. मागं भाड्याचा लाल फेटा बांधून झंडीभाऊ.

"भाऊ, तुमी इथी?"

"मॅनेजरनं गाडी पाठवली होती. माह्यासाठी गाडी, पाह्य." मंग हळूच म्हणे, "मले खुर्ची देल्ली बापा. तीस वर्षं खाली पोतं टाकून बसलो. इथी ओरिजनल म्हणून राह्यले मले."

"कोणी धरत नाई का?"

"कोण धरते इथी? आमराईत मी लंगडा पळालो आन् तुहा दादा उभा राह्यला. मले रात्री झोप येत नाई ना." एवढं बोलून तो टोपलं खळखळवू लागला, कारण एक बाई पोराले घेऊन आली होती आन् पोरगं मुंडीवर बोट ठेवून इचारत होतं, हे कोणाचं डोकं आहे.

मी मॅनेजरले इचारलं, "सर, हे जुगारात नाई बसत का?"

"अरे छी. हे पॉइंट आहे, पैसा नाई. प्लास्टिकचे कॉइन. हारले-जिंकले ते चेक-आउटच्या बिलात अॅडजस्ट." मंग माह्या खांद्यावर हात ठेवला, "हा खेळ आहे रे. ॲक्टिव्हिटी म्हणते याले."

मी माइक धरला. बिबट काढला, अस्वल काढलं, वाघीण पिल्लायले बोलावते तो आवाज काढला. लोकं टाळ्या वाजवू लागले. मॅनेजर खूण करे, गावरान कसिनोकडे बोलव. मी बोलावलं. "या साहेब, या ताई, झेंड्यावर लावा, मुंडीवर लावा." झंडीभाऊची गर्दी चाकाहून जास्त झाली. मलेबी बरं वाटलं, कायले नाई म्हणू. त्या दिवशी मी फारच रंगात होतो.

बाराच्या सुमारास पोलिसाची गाडी आली. कोणी मोठा पाहुणा होता, त्याच्या मागं. गाडीतून आमचेच हवालदार उतरले. मले वाटलं, आता. खरं सांगतो, माह्या मनात आनंद झाला. म्हटलं चला, कलमात घरचा-भायेरचा नसते ना, मंग घ्या.

हवालदारायनं एकदा सारं पाह्यलं. चाक पाह्यलं, पत्ते पाह्यले, झंडीभाऊले पाह्यलं. झंडीभाऊचा हात टोपल्यावरच थिजला. मंग किचनकडून कोणी प्लेट आणून देल्ली आन् ते मांडवाकडे पाठ करून सावलीत जेवाले बसले.

माह्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी माइक तोंडाजवळ नेला आन् त्यायचाच आवाज काढला, तसाच, खरखरीत, पोटातून. "उठा. कोणी हलाचं नाई."

आमराईत या चार शब्दावर चाळीस माणसं नाल्यात उडाली होती. इथी एक माणूस नाई उठला. उलट सगळे हसले. एका टेबलावरून कोणी म्हटलं, वन्स मोर. एक जण दोन्ही हात वर करून "साहब, सरेंडर" म्हणे आन् त्याच्या बायकोनं त्याचा फोटो काढला. पळालं फक्त एकच माणूस. झंडीभाऊ. खुर्ची उलटी झाली, फेटा सुटला, आन् तो कुंपणापर्यंत पोचला होता तवा त्याले समजलं का मी होतो. त्याले पाहून तं लोकं अजूनच हसले. त्यायले वाटलं हाबी कार्यक्रमातलाच आहे.

हवालदारायनं मान वळवून माह्याकडे पाह्यलं. मंग खाली प्लेटीत पाहून जेवू लागले.

मले आजवर एवढ्या टाळ्या कुठी भेटल्या नाई. मॅनेजरनं पाकीट देल्लं, मी घेतलं. हे बी लिहून ठेवतो.

घरी आलो, दादाले सारं सांगतलं. मले वाटलं तोबी पेटन. तो बूट धुवत होता. म्हणे, "त्यायचं त्यायले. आपली परीक्षा पाह्य."

दुसरी लाट आली. तिच्यात आमच्या गावानं जे पाह्यलं ते वेगळं आहे, त्याच्यावर मी नकला करत नाई. दोन वर्षांनी भरती निघाली. दादा गडचिरोलीच्या मैदानावर पळाला. मी जाळीभायेर होतो, आपल्या मोबाइलवर पाच मिनिटं तीन पाह्यले. लेखीत पास. यादीत नाव. काकूनं या वेळी साखर नाई, पेढे वाटले. मंग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. त्याच्यात इचारलं होतं, कधी गुन्हा दाखल झाला का, शिक्षा झाली का.

मी म्हटलं, "नाई लिही."

"झाली आहे ना."

"दादा, दहाची एक नोट."

"झाली आहे," म्हणून त्यानं लिहिलं.

तवापर्यंत लॉकडाऊनच्या साथीच्या केसेस सरकार मागं घेऊन राह्यलं असं पेपरात आलं होतं. ज्यायच्या चालू होत्या त्यायच्या. दादाची कुठी चालू होती? त्यानं पाच मिनिटात संपवली होती. आन् जुगाराचं कलम तं तसंबी गेलं नसतं. कागद आला तं त्याच्यात एवढंच होतं, जुगाराच्या गुन्ह्यात शिक्षा, उमेदवार अपात्र.

काकूनं तो कागद मले दोनदा वाचाले लावला. मंग म्हणे, "मीच पाठवलं होतं ना त्याले."

अर्ज कराची सोय होती. मी लिहाले बसलो, कारण घरात माझं अक्षर बरं. पह्यल्यांदा वकिलाच्या आवाजात लिहिलं, मंग सरपंचाच्या आवाजात, मंग रडक्या म्हाताऱ्याच्या. दादा एकेक वाचे आन् परत करे. "साधं लिही," म्हणे. मंग मी साधं लिहिलं. घरचा डाव काय असते ते लिहिलं, तो पळाला नाई ते लिहिलं, कबूल काऊन केलं ते लिहिलं. शेवटी एक वाक्य रिसॉर्टाचं लिहिलं.

दादानं पेन घेतला आन् ते वाक्य खोडलं.

"काऊन खोडलं? खोटं आहे का?"

"खरं आहे. पण ते कायले लिहाचं? त्यायले धरलं तं मले घेतीन का? मी माहं सांगून राह्यलो. त्यायचं सांगून मले नोकरी नाई पाह्यजे."

"दादा, हवालदार तिथीच जेवत होता."

"हवालदारालेबी साहेब असते," तो म्हणे. पोलीस व्हाच्या आधीच हा पोलिसाची बाजू घेऊन राह्यला. मले इतका राग आला का मी भायेर जाऊन उभा राह्यलो. राग त्याचा नव्हता.

अर्ज नवा उतरवला, त्या वाक्याबिगर. गडचिरोलीले जाऊन देल्ला, पोचपावतीवर शिक्का घेतला. चार महिन्यानं उत्तर आलं, पह्यल्या निर्णयात बदल नाई. त्या साली दादाची वयाची मर्यादा सरली. आता तो भाड्याच्या ट्रॅक्टरवर आहे. पहाटे उठते, पण पळत नाई. बूट त्यानं शेजारच्या पोराले देऊन टाकले.

मी मॅनेजरचे फोन उचलत नाई. हे मोठेपणानं नाई सांगत, उचलले असते तं चार पैसे भेटले असते.

अर्जातलं ते वाक्य दादानं खोडलं, तो त्याचा अर्ज होता. हे माहं लिहिणं आहे, इथी कोणी खोडाले नाई. म्हणून ते जसंच्या तसं ठेवतो: साहेब, त्याच हिवाळ्यात वाघाच्या गेटाजवळच्या रिसॉर्टात हाच खेळ, हीच सहा चित्रं, भरदुपारी, माइक लावून चालला होता, तिथी पोलीस जेवून गेले, आन् तो माइक माह्या हातात होता.